लाकडाची भट्टी भरताना ज्योतीला वाट ठेवा

माझ्या सुरुवातीच्या एका भाजणीत वरच्या थरातला १० नंबरचा कोन (ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारा मातीचा छोटा सुळका) पार आडवा झाला होता आणि सगळ्यात खालच्या थरातला ६ नंबरचा कोन नुसती मान तुकवून उभा होता. भट्टी एकच, आग एकच, दोन कोनांमधलं अंतर जेमतेम दोन हात. मी चार तास जास्त लाकूड घातलं, डॅम्पर, म्हणजे चिमणीची ओढ कमीजास्त करणारी सरकती फळी, पुढेमागे सरकवून पाहिला, तळ काही तापेना. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा कारण समोरच होतं. जागा वाया जाऊ नये म्हणून तळाच्या शेल्फवर मी छोटे कप एकमेकांना खेटून बसवले होते आणि वर उंच सुरया ऐसपैस ठेवल्या होत्या. खालून जायला ज्योतीला फटच नव्हती. ती कमानीखालून सरळ मागे जात होती आणि मागच्या भिंतीवरून उतरून चिमणीत शिरत होती. मी जितकं लाकूड घालत होतो तितका वरचाच थर आणखी तापत होता.

विजेच्या भट्टीत तारा तापतात आणि भांडी त्या धगीत नुसती बसून राहतात. लाकडाच्या भट्टीत उष्णता चालत येते. फायरबॉक्समधून, म्हणजे लाकूड जाळायच्या खणातून, निघालेली ज्योत भांड्यांमधून वाट काढत चिमणीकडे जाते आणि जाताना राख आणि क्षारांच्या वाफा सोबत नेते. मोकळं दिसेल तिकडे ती वळते, अडथळा आला की बगल देते. त्यामुळे भट्टी भरताना कुठे काय ठेवलं याइतकंच कुठे काही ठेवलं नाही यालाही महत्त्व असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीकडे लक्ष ठेवून वाचा.

इथे मी एकाच खोलीची साधी भट्टी धरली आहे. एका टोकाला फायरबॉक्स, मधे भांड्यांची जागा, दुसऱ्या टोकाला जमिनीलगतच्या भोकांतून चिमणीत जाणारी वाट आणि बाजूच्या भिंतीत दर वेळी विटांनी चिणायचं दार. भाजणी १० नंबरच्या कोनापर्यंत, म्हणजे तापवण्याच्या वेगानुसार साधारण १२८५ ते १३०५ अंश सेल्सिअस. भांडी आधी ९५० ते १००० अंशांवर बिस्क केलेली, म्हणजे एकदा कच्ची भाजून घेतलेली. अनागामासारख्या लांब बोगद्याच्या भट्टीत दिवस आणि राख दोन्ही वाढतात, पण भरण्यामागचा विचार हाच राहतो.

रिकामी भट्टी आधी नीट पाहा

तपासणी चिमणीपासून सुरू करा आणि फायरबॉक्सपाशी संपवा. चिमणीत पक्ष्याचं घरटं, पडलेली वीट किंवा पालापाचोळा अडकला असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते आणि ते कळतं तेव्हा आत भांडी भरलेली असतात. चिमणीच्या तळाशी कागदाचे दोनतीन बोळे पेटवा. धूर तरातरा वर चढला पाहिजे. तो मागे भट्टीत येत असेल तर आधी अडथळा शोधा. डॅम्पर पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा आणि मधल्या प्रत्येक जागी तो थांबतो का ते बघा. त्याच्या कडेला खडूने खुणा करून ठेवल्या तर रात्री तीन वाजता अंदाजावर काम करावं लागत नाही. चिमणीकडे जाणाऱ्या भोकांमध्ये मागच्या भाजणीतले वॅडचे (भांड्यांखाली ठेवायच्या मातीच्या गोळ्यांचे) आणि विटांचे तुकडे हमखास पडलेले असतात. तिथे हात घालून साफ करा, नुसत्या नजरेने समजत नाही.

मग कमान. टॉर्च कमानीला जवळजवळ समांतर धरली की लोंबणारे काचेचे थेंब सावल्यांमुळे उठून दिसतात. राखेच्या ग्लेझचे (वितळून झालेल्या काचेसारख्या मुलाम्याचे) हे थेंब पुढच्या भाजणीत पुन्हा पातळ होतात आणि बरोबर एखाद्या चांगल्या ताटाच्या मधोमध पडतात. छिन्नी आणि हलक्या हातोडीने ते उडवा. सैल वीट हाताने दाबली की कळते. भिंतींतल्या बारीक भेगांची धास्ती नको. भट्टी तापली की विटा फुगतात आणि भेगा मिटतात, थंड झाली की पुन्हा उघडतात. अशी भेग कडक मसाल्याने गच्च भरली तर पुढच्या वेळी विटांना फुगायला जागा राहत नाही आणि भिंत बाहेर ढकलली जाते. बोट जाईल एवढी रुंद भेग मात्र बाहेरच्या बाजूने मऊ माती आणि भुसा मिसळून लिंपा.

फायरबॉक्सची जाळी वाकली आहे का, तिच्याखालचा राखेचा खण पूर्ण रिकामा आहे का, हवेची भोकं मोकळी आहेत का, हे पाहायला पाच मिनिटं पुरतात.

हे सगळं करताना डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर नीट बसणारा धुळीचा मास्क हवाच. कापडी रुमाल पुरत नाही. भट्टीतल्या धुळीत मोकळा सिलिका असतो आणि तो वर्षानुवर्षं फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. दाराच्या कडेला सिरॅमिक फायबर लावलं असेल तर आणखी जपा, कारण अनेकदा भाजलेल्या फायबरमध्ये क्रिस्टोबलाइट तयार होतं आणि ते साध्या धुळीपेक्षा घातक आहे. कोरड्या झाडूने धुरळा उडवू नका. बारीक धूळ अडवणारा व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं वापरा.

शेल्फ आणि किल्न वॉश

शेल्फवर मागच्या वेळची काच चिकटलेली असेल तर ती घासून किंवा छिन्नीने काढा. या कपच्या ब्लेडसारख्या कापतात, हातमोजे घाला. नंतर प्रत्येक शेल्फ उभं धरून बोटाच्या पेराने ठोका. घणघणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत भेग आहे. असं शेल्फ फार तर सगळ्यात वर, हलक्या भांड्यांसाठी वापरा. मी तर बाजूलाच ठेवतो, कारण तापलेल्या भट्टीत एक शेल्फ मोडलं तर ते एकटं पडत नाही.

किल्न वॉश म्हणजे भांडी चिकटू नयेत म्हणून शेल्फला द्यायचा लेप. त्यात लाकडाच्या भट्टीसाठी एक बंधन आहे: त्यात सिलिका नको. विजेच्या भट्टीत सिलिका घातलेला वॉश खुशाल चालतो. इथे मात्र राखेतले पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार त्या सिलिकाला धरून त्याची काच करतात आणि ज्याने चिकटणं थांबवायचं तोच डिंक होतो. अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले वजनाने समसमान घ्या, पाण्यात कालवून पातळ सायीइतपत दाट करा आणि दोनतीन पातळ हात द्या. एकच जाड थर दिला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. तरीही सुटत असेल तर चायना क्लेचा अर्धा भाग आधी भाजून घेतलेला वापरा, म्हणजे आकसणं कमी होतं. शेल्फच्या कडेची एक सेंटीमीटर पट्टी कोरी सोडा. खालच्या बाजूला वॉश कधीही लावू नका, त्याचे कण खालच्या भांड्यांत पडतात आणि ग्लेझमध्ये खडबडीत पांढरे ठिपके होऊन बसतात.

कॉर्डिएराइटची शेल्फं उंच तापमानात हळूहळू वाकतात, म्हणून ती दर वेळी उलटी करतात. उलटण्याआधी जुना वॉश पूर्ण खरवडला पाहिजे. सिलिकॉन कार्बाइडची शेल्फं वाकत नाहीत, पण त्यातल्या नायट्राइडने बांधलेल्या पातळ शेल्फांना ओलावा सोसत नाही. वॉश लावून ती ओलीच आत घातली तर तापताना आतल्या वाफेने फुटू शकतात. एक पूर्ण दिवस उन्हात किंवा उबदार जागी वाळू द्या.

वॅडिंग

इथे घाई करणारा माणूस भट्टी उघडताना रडतो. लाकडाच्या भट्टीत कोणतीही वस्तू दुसऱ्या वस्तूला थेट टेकवायची नसते. भांडं आणि शेल्फ, शेल्फ आणि टेकू, झाकण आणि भांडं, या प्रत्येक जोडीमध्ये न वितळणाऱ्या मातीची छोटी गोळी लागते. तीच वॅड. ती नसेल तर उडती राख फटीत जाते, वितळते आणि दोघांना कायमचं जोडून टाकते.

मी वापरतो ते मिश्रण सोपं आहे. मापाने एक भाग अ‍ॅल्युमिना हायड्रेट, एक भाग चायना क्ले, आणि गोळी भाजल्यावर सहज भुरभुरीत व्हावी म्हणून मूठभर चाळलेला लाकडाचा भुसा. पाणी जपून घालत घट्ट कणकेसारखं मळायचं. फार ओलं झालं तर भांड्याच्या वजनाने गोळी चपटी होते आणि बुड शेल्फला टेकतं. अ‍ॅल्युमिना महाग पडतं, म्हणून टेकूंखालच्या वॅडमध्ये त्यातला थोडा भाग फायरक्लेने भरून काढता येतो. भांड्याला टेकणाऱ्या वॅडमध्ये मात्र काटकसर करू नका.

वॅड तीन लावायच्या. तीन बिंदूंवर कोणतीही वस्तू न डुगडुगता बसते, चौथी गोळी लावली की एक पाय अधांतरी राहण्याची शक्यता येते. सुपारीएवढी गोळी बहुतेक भांड्यांना पुरते. जागा बुडाच्या कडेखाली, जिथे भिंतीचं वजन खाली उतरतं तिथे. १० नंबरच्या कोनापाशी माती मऊ पडलेली असते आणि आधार नसलेला भाग झोल खातो. म्हणून मोठं ताट असेल तर कडेच्या तीन वॅडबरोबर मधोमध आणखी एक द्या, तीही इतरांच्याच उंचीची. पोर्सिलेन स्टोनवेअरपेक्षा जास्त झोल खातं, त्याला वॅड जास्त आणि जवळजवळ लागतात.

भांडी पन्नाससाठ असतील तर वॅड आदल्या दिवशी लावून ठेवा. गोळीला पांढऱ्या गोंदाचा ठिपका लावून बुडाला चिकटवायची, आणि ती ओली असतानाच भांडं सपाट फळीवर हलकं दाबायचं, म्हणजे तिन्ही गोळ्या एका पातळीत येतात. गोंद पुढे जळून जातो. भरण्याच्या दिवशी वाकून, एका हातात भांडं धरून तीन गोळ्या नेमक्या जागी ठेवणं किती जिकिरीचं असतं ते एकदा केलं की आदल्या दिवशीच्या कामाची किंमत कळते.

वॅडच्या जागी राख पोहोचत नाही, त्यामुळे तिथे खूण राहते आणि अनेकदा तिच्याभोवती नारिंगी लालसर वर्तुळ उठतं. ही खूण पुसता येत नाही, तेव्हा ती कुठे उमटणार हे आधीच ठरवा. मातीला लोह थोडं असेल तर ती खूण सुंदर दिसते. माझ्या काही आवडत्या वाडग्यांची बुडं मी मुद्दाम उलटी करून दाखवतो.

झाकणं भांड्यावर ठेवूनच भाजा, म्हणजे दोन्ही बरोबर आकसतात आणि बरोबर वाकतात. झाकणाच्या बैठकीत वाटाण्याएवढ्या तीन ते पाच गोळ्या समान अंतरावर लावा. झाकण लावलेल्या भांड्यात राख जात नाही, तेव्हा आतून ग्लेझ हवंच. हीच गोष्ट अरुंद तोंडाच्या बाटल्यांची.

फायरबॉक्सच्या तोंडाशी एखादी बाटली आडवी ठेवायची असेल तर शिंपले वापरतात. शिंपल्याचा खोलगट भाग वॅडच्या मिश्रणाने भरायचा आणि पाठ भांड्याकडे करायची. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. सुमारे ९०० अंशांवर त्याचा कळीचा चुना होतो आणि भाजणीनंतर हवेतला ओलावा पिऊन तो भुगा होतो. मागे शिंपल्याच्या रेषांची खूण उरते. हा चुना ओल्या कातडीला भाजतो, म्हणून धुताना हातमोजे घाला.

आणि बुड. भट्टीच्या पुढच्या भागात जाणाऱ्या भांड्यांचं ग्लेझ बुडापासून निदान एक सेंटीमीटर वरपर्यंत स्पंजाने पुसा. राख स्वतः वितळते आणि खालच्या ग्लेझलाही जास्त पातळ करते. एरवीच्या चाचणीत शहाण्यासारखं वागलेलं ग्लेझ इथे वॅडपर्यंत ओघळत येतं.

कोणतं भांडं कुठे

भट्टीत हात घालण्याआधी शेल्फच्या मापाच्या चौकटी जमिनीवर खडूने आखा आणि सगळी भांडी त्यात मांडून बघा. उंचीनुसार गट करा. एका शेल्फवर २० सेंटीमीटरची एक सुरई आणि बाकी ८ सेंटीमीटरचे वाडगे असतील तर १२ सेंटीमीटरची पोकळी सुटते आणि ज्योत तिथूनच निसटते. काठीवर टेकूंच्या उंचीच्या खुणा करून ती भांड्यांशेजारी धरली की कोणता गट कोणत्या टेकूवर हे लगेच ठरतं.

फायरबॉक्सलगतची पहिली रांग सगळ्यात जास्त राख झेलते. लाकूड टाकताना उडणारे निखारेही तिथेच आदळतात. जाड भिंतीची, आकाराने ठाम, बाहेरून कोरी भांडी तिथे शोभतात, १२०० अंशांच्या वर राख त्यांच्याच मातीतल्या सिलिकाशी मिळून ग्लेझ होते. नाजूक कान असलेले कप, ओघळणारी ग्लेझ, चित्रकाम केलेली ताटं तिथे नकोत. मधल्या भागात ज्योतीचा स्पर्श असतो पण राखेचा मारा कमी, रोजच्या वापराची ग्लेझ केलेली भांडी इथे निर्धास्त राहतात. मागे राख विरळ होते आणि क्षारांच्या वाफा उरतात. फ्लॅशिंग स्लिप (ज्योतीने रंग धरणारा पातळ मातीचा लेप) लावलेली भांडी या भागात पीच, नारिंगी, तपकिरी रंग घेतात. एका भांड्याची सावली दुसऱ्यावर पडते, म्हणजे ज्योतीच्या दिशेने पुढे असलेलं भांडं मागच्याला झाकतं, आणि मागच्यावर त्याची आकृती रंगाच्या सीमारेषेसारखी उमटते. हे जाणून मांडणी केली तर ती नुसती योगायोगावर राहत नाही.

भरायला सुरुवात

चिमणीच्या बाजूने फायरबॉक्सकडे आणि तळापासून वर. पहिलं शेल्फ जमिनीवर टेकवू नका, विटांच्या तुकड्यांवर सातआठ सेंटीमीटर तरी उचला, म्हणजे खालूनही ज्योत वाहते. प्रत्येक शेल्फला तीन टेकू आणि प्रत्येक टेकूच्या दोन्ही टोकांना वॅड. वरच्या शेल्फचे टेकू खालच्या टेकूंच्या बरोबर डोक्यावर आले पाहिजेत. ते दोन बोटं जरी सरकले तरी वजन शेल्फच्या पोटावर येतं आणि रात्रभराच्या तापात ते शेल्फ वाकतं किंवा तुटतं. शेल्फ ठेवलं की चारी कोपरे दाबून बघा. किंचित डुगडुगलं तरी उचला आणि वॅड बदला. वरच्या पाच शेल्फांसाठी खालचं एक शेल्फ पाया असतं.

अंतरं मी अशी ठेवतो: बाजूच्या भिंतींपासून पाच ते आठ सेंटीमीटर, मागच्या भिंतीपासून आठ ते दहा, फायरबॉक्सच्या बाजूला पंधरा ते वीस. दोन भांड्यांमध्ये एक बोट आडवं जावं, पुढच्या रांगेत दोन. भट्टी लहानमोठी असेल तसं हे बदलेल, पण मागचं अंतर शून्य करून चालत नाही, कारण ज्योत शेवटी तिथूनच खाली उतरून बाहेर पडते.

आता त्या सुरुवातीच्या भाजणीचा धडा. गरम वायूचा कल वर जाण्याचा असतो, म्हणून वरचा भाग आपोआप तापतो. खालचा भाग तापवायचा असेल तर तिथे वाट सोपी करावी लागते आणि वर अवघड. तळाच्या दोन थरांत उंच, गोल, सुटी भांडी ठेवा. बाटल्या, सुरया, उभट फुलदाण्या यांच्यामधून ज्योत सहज सरकते. कप, वाडगे आणि थाळ्यांचे दाट थर वर न्या. सगळ्यात वरच्या भांड्यांची टोकं आणि कमान यांच्यात पाचसहा सेंटीमीटरपेक्षा जास्त मोकळं ठेवू नका. तिथे पंधरा सेंटीमीटरची पोकळी राहिली तर बाकीची मांडणी कितीही चांगली असो, ज्योत कमानीखालून घसरत निघून जाते. पोकळी उरलीच तर बिनग्लेझची छोटी भांडी किंवा विटांचे तुकडे उभे करून भरा. मी हा बदल केला त्या भाजणीत वरखाली एका कोनाचाच फरक उरला, आणि लाकूडही कमी लागलं.

थाळ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. रुंद थाळ्यांसाठी कमी उंचीचे टेकू लावून चारपाच शेल्फं एकावर एक रचली की ती रचना ज्योतीसाठी जवळजवळ भिंतच होते. ही भिंत पुढे आणि खाली उभी केली तर मागचा अर्धा भाग थंड राहील. तिची जागा वर, मधल्या किंवा मागच्या भागात.

शेल्फांच्या दोन उभ्या रचना शेजारी असतील तर त्यांच्या पातळ्या जुळू देऊ नका. पुढच्या रचनेतली फट मागच्या रचनेतल्या शेल्फच्या कडेसमोर आली की ज्योत तिथे फुटते, वरखाली वळते आणि भांड्यांभोवती फिरते. सगळ्या पातळ्या एका रेषेत असतील तर ती बोगद्यातून गेल्यासारखी सरळ पार होते. बाजूने लाकूड टाकायची भोकं असतील तर त्या रेषेत दोन रचनांमध्ये हातभर मोकळी पट्टी सोडा, तिथे निखारे साचतात.

भरत असताना अधूनमधून थांबून फायरबॉक्समध्ये दिवा ठेवा आणि दारातून, बघायच्या भोकांतून आत पाहा. उजेड आणि ज्योत एकसारखे वळत नाहीत हे खरं, तरी कुठे मिट्ट अंधार आहे आणि कुठे उजेडाचा लोट येतो यावरून मांडणीतल्या चुका आश्चर्यकारक लवकर सापडतात.

कोन, चाचणीची कडी आणि दार

कोनांचे निदान तीन पॅक, म्हणजे मातीच्या पट्टीत ओळीने रोवलेले कोन, लागतात: पुढे वर, पुढे खाली आणि मागे. माझ्या पॅकमध्ये ०१० (१० नव्हे) हा कोन असतो, तो सुमारे ९०० अंशांपाशी पडतो आणि रिडक्शन, म्हणजे हवा कमी ठेवून भाजणं, सुरू करायची वेळ सांगतो. पुढे ८, ९, १० आणि सावधगिरीचा ११. कोन ८ अंशांनी कललेले, सगळे एकाच दिशेला, आणि पडताना एकमेकांवर न पडतील असे लावा. पॅकची माती भुसा घालून मळा, काडीने भोकं पाडा आणि पुरती वाळवा. ओला पॅक फुटला तर ती भट्टी आंधळेपणाने भाजावी लागते. राख बसून कोन लवकर वितळू शकतो, म्हणून पुढच्या पॅकला मातीचा छोटा आडोसा करा, पण भोकाकडची बाजू उघडी ठेवा.

त्यांच्याजवळ मातीची चारपाच कडी ठेवा, भांड्यांच्याच मातीची, त्याच स्लिपची, लोखंडी सळीने ओढून काढता येतील अशी. कोन उष्णतेचं काम सांगतो, राख किती बसली आणि वितळली का हे कडीच सांगते.

दाराच्या विटांना क्रमांक घाला, म्हणजे दर वेळी त्याच जागी बसतात. मसाला न लावता रचा. कोनांसमोरची भोकाची वीट बसवली की टॉर्च लावून कोन दिसतात का ते तिथल्या तिथे बघा, आणि पूर्ण दार झाल्यावर पुन्हा एकदा. बाहेरून माती, वाळू आणि भुशाचा चिखल करून सगळ्या फटी लिंपा. फटीतून शिरणारी थंड हवा आतल्या भांड्यांना तडे देते आणि चिमणीची ओढ फायरबॉक्सऐवजी दारावर खर्च होते.

लाकूड

लाकूड भट्टी भरून झाल्यावर गोळा करायचं नसतं. पावसापासून झाकून, वारा लागेल असं रचून ते महिनोन् महिने सुकलेलं हवं, ओलावा २० टक्क्यांच्या आत. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात अर्ध्यापर्यंत पाणी असू शकतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता जाते आणि ती सगळी चिमणीतून निघून जाते. शेवटच्या शंभर अंशांत जी भट्टी अडून बसते तिथे बहुधा ओलं लाकूड हेच कारण निघतं.

तीन ढीग करा. सुरुवातीला मनगटाएवढे जाड ओंडके, मधल्या काळात त्याच्या निम्मे, आणि शेवटी अंगठ्याएवढ्या चिरफळ्या. पाइनसारख्या मऊ लाकडाची ज्योत लांब असते आणि ती मागपर्यंत पोहोचते. कठीण लाकूड निखारे जास्त धरतं. दोन्ही हाताशी असतील तर सुरुवात कठीण लाकडाने आणि शेवट मऊ लाकडाने करा. रंगवलेलं, प्लायवूड किंवा वाळवीपासून वाचवायला रसायन पाजलेलं लाकूड भट्टीत घालूच नका. अशा काही लाकडांत आर्सेनिक असतं, ते धुरात आणि राखेत दोन्हीकडे येतं. ढीग भट्टीपासून तीनचार मीटर लांब ठेवा.

पहिली धग

पेटवण्याआधी ठिणग्या विझवायला वाळूच्या बादल्या आणि पाण्याची नळी जवळ घ्या, मात्र तापलेल्या विटांवर पाणी मारायचं नाही. कपडे सुती, बूट चामड्याचे, आणि भोकातून बघायला ३ ते ५ शेडची वेल्डिंगची काच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. भट्टी छपराखाली असेल तर चारी बाजू उघड्या ठेवा.

वॅड, कोनांचे पॅक, किल्न वॉश, दाराचा चिखल, विटा, सगळ्यांत पाणी असतं. म्हणून पहिली आग फायरबॉक्सच्या आत लावू नका, राखेच्या खणाच्या तोंडाशी छोटीशी लावा, डॅम्पर थोडा उघडा ठेवा आणि आठ ते बारा तास १०० अंशांच्या खाली शेकू द्या. मोठ्या, जाड भांड्यांना आणखी जास्त. दर तासाला थंड आरसा वरच्या भोकासमोर क्षणभर धरा. त्यावर वाफ धरत असेल तर आग तेवढीच ठेवा. सलग तीन वेळा आरसा स्वच्छ निघाला की निखारे हळूहळू आत, जाळीवर सरकवा आणि लाकडाचा पहिला जाड ओंडका त्यावर ठेवा.